चवीचा रकाना

दारूला चव नसते, परिणाम असतो. आमच्या घरात हे वाक्य आजोबांच्या नावावर चालत आलं. वडिलांनी ते आम्हा भावंडांना ऐकवलं आणि मी ते इतकं खरं मानलं, की पुढे आबकारी खात्यात नोकरी लागली तेव्हाही मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. ज्या वस्तूला चव नाही तिचा हिशेब ठेवायला कसली अडचण?

आंध्र प्रदेश बेव्हरेजेस कॉर्पोरेशन १९८६ मध्ये निघालं, त्याच्या आगेमागे मी खात्यात कारकून म्हणून लागले आणि २०२० मध्ये निवृत्त झाले. मधल्या काळात माझ्या टेबलावरून किती दारू गेली याचा मलाच अंदाज नाही. सगळी कागदावरून गेली. बिअरची पेटी म्हणजे ६५० मिलीच्या १२ बाटल्या, म्हणजे ७.८ बल्क लिटर. व्हिस्कीच्या पेटीत पाऊण लिटरच्या १२ बाटल्या असल्या तर ९ लिटर, क्वार्टरच्या ४८ असल्या तर ८.६४. लेबलावर २५ अंडर प्रूफ असलं की अल्कोहोल ४२.८ टक्के. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. तक्त्यात रकाने पुष्कळ होते: आवक, जावक, शिल्लक, तूटफूट, तीव्रता, शुल्क. चवीचा रकाना नव्हता आणि तो असावा असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

आता माझं मत बदललं आहे. त्याला कारण झाली बेल्जियन पद्धतीची, कडक, हॉप्सनं चांगली कडू केलेली एक एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार. हे लिहून काढण्याचं तातडीचं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या मंडळातल्या मैत्रिणींपर्यंत ही बातमी माझ्याआधी पोहोचली आणि वाटेत तिला बरेच फाटे फुटले. एकीनं तर 'झोप लागत नाही का गं हल्ली?' असं फार मायेनं विचारलं.

त्याआधी नामपल्लीबद्दल, म्हणजे हैदराबादच्या ज्या भागात माझं ऑफिस होतं त्याबद्दल, थोडं सांगायला हवं. बाहेरच्या लोकांना नामपल्ली म्हणजे स्टेशन. १९०७ चं, निजामाच्या काळातलं. मुंबईची हुसेनसागर एक्स्प्रेस इथूनच सुटते. पण राज्यातल्या दारूचा कागदोपत्री कारभारही इथलाच. आबकारी भवन नामपल्लीत, काँग्रेसचं गांधी भवन नामपल्लीत, फौजदारी न्यायालयं नामपल्लीत. मेट्रो झाली तेव्हा एका स्टेशनाला नामपल्ली आणि लगेच पुढच्याला गांधी भवन असं नाव मिळालं. आबकारीचा माणूस कामाला जाताना गांधींच्या नावाच्या स्टेशनावर उतरतो, यावर आम्ही ऑफिसात बरेच दिवस हसत होतो.

आणि परमिट रूम. दारूच्या दुकानाला जोडून असलेली ती खोली, जिथे घेतलेली बाटली तिथेच रिकामी करता येते. ऑफिस सुटल्यावर स्टेशनाच्या बाजूनं चालत जाताना त्या दिसायच्या. माणसं उभ्यानंच प्यायची. प्लास्टिकचा ग्लास, एक क्वार्टर, पाण्याचं पाकीट, पुडीत शेंगदाणे. ग्लास नाकापाशी थांबत नसे, घोट जिभेवर थांबत नसे. डोळे गच्च मिटून एकदम घशाखाली, मग तोंड वाकडं करून वर दोन शेंगदाणे. इतक्या जणांचं तोंड वाकडं होतं, तर आमच्या घरातलं वाक्य खरंच असणार. मी पदर सावरून पुढे जायची.

आजोबांची गोष्ट आमच्याकडे गणपतीत, श्राद्धाला, नातवंडांच्या सुट्टीत, कधीही सांगितली जायची. मूळ गाव हिंगोलीकडचं. आजोबा स्टेट काँग्रेसचे. १९४७ च्या ऑगस्टात स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली आणि मराठवाड्यात निजामाविरुद्धचा लढा गावोगाव पसरला. लेव्हीचं धान्य द्यायचं नाही, करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करायचे आणि शिंदीची झाडं तोडायची. आजोबा रात्री कुऱ्हाड घेऊन शिंदीच्या बनात जायचे. गोष्टीचा शेवट ठरलेला असे: 'आणि अशी तुमच्या आजोबांनी गावची दारू बंद केली.'

वडील शिकायला हैदराबादला आले, रेल्वेत लागले, काचीगुड्याला घर केलं. मी विवेक वर्धिनीत शिकले. आबकारीचा कॉल आला तेव्हा वडील दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पगार सरकारचा, पाप पिणाऱ्याचं. जा.' त्यांना बहुतेक हे वाक्य रचायला दोन दिवस लागले असावेत.

मी आत गेले, पण मनानं बाहेरच राहिले. १९९२ मध्ये नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी अरकाचं दुकान बंद पाडलं. साक्षरता वर्गाच्या पुस्तकात तशीच एक गोष्ट होती, ती वाचून त्या उठल्या होत्या. बघता बघता ते लोण जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं आणि अरकाचे लिलाव बोली बोलणाऱ्यांअभावी अडू लागले. खात्यातल्या आम्हा बायकांना त्या वर्षी मनातून आनंद होत होता आणि तो टेबलावर दाखवता येत नव्हता. १९९३ च्या ऑक्टोबरात अरक बंद झाला. एनटीआर निवडून आले आणि १६ जानेवारी १९९५ पासून संपूर्ण दारूबंदी आली. ती १९९७ पर्यंतच टिकली. तिजोरीला खड्डा पडला होता आणि शेजारच्या राज्यांतून येणारा माल थांबत नव्हता. पण त्या बायका बरोबर होत्या असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. दुबगुंट्याच्या बाबतीत माझं मत तसूभर हललेलं नाही, हे मंडळातल्या मैत्रिणींनी कृपया नोंदवून घ्यावं.

आता भाचीकडे येते. ती मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून मद्यनिर्मितीचं शास्त्र शिकली. ताईनं लग्नाच्या बायोडेटात 'फूड टेक्नॉलॉजी' लिहिलं, जे अगदीच खोटं नाही. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी एक, डूलाली, २००९ मध्ये पुण्यातच निघाली होती. या धंद्यात हात बसवायचा तर मुलं पुण्यात राहतात. तीही काही वर्षं राहिली आणि मग इथे आली. तेलंगणानं मायक्रोब्रूअरीचे नियम २०१५ मध्ये केले. ते कागद माझ्या नजरेखालून गेले होते. पुढच्या काळात जुबिली हिल्स, हायटेक सिटीकडे तांब्याच्या नाहीतर स्टीलच्या टाक्या काचेमागे दिसू लागल्या. कागदावरचं एखादं कलम इतकं चकचकीत असतं हे मला भाचीमुळे कळलं.

'मावशी, आयुष्यभर लेबलं वाचलीस, एकदा आत काय असतं ते तरी बघ,' असं ती सारखी म्हणायची. नुसतं बघायला म्हणून गेले. नामपल्लीला मेट्रोत बसले, अमीरपेटला बदलली, जुबिली हिल्स चेकपोस्टला उतरले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

तिनं आधी जवाचं माल्ट चावायला दिलं. गोडसर लागलं. मग हॉप्सच्या हिरव्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान कांड्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाली, चुरड. वेलीच्या मादी फुलांच्या या कांड्या. वेल थंड प्रदेशातली, आपल्याकडे लाहौलच्या खोऱ्यात थोडीफार लावतात, बाकी सगळं परदेशातून. चुरडल्यावर पपनसाची साल, कापलेलं गवत आणि राळ यांच्या मधला वास आला. एक कण जिभेवर ठेवला आणि बेसिन कुठे आहे ते विचारलं.

तिनं समजावलं ते मला कारकुनी पद्धतीनंच लक्षात राहिलं, म्हणजे वेळेप्रमाणे. हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घातले तर कडूपणा येतो, कारण त्यातली आम्लं उकळून उकळून रूप बदलतात आणि पाण्यात उतरतात. वास मात्र वाफेबरोबर निघून जातो. उकळीच्या शेवटी घातले तर वास बराचसा राहतो. आणि सगळं आंबून झाल्यावर थंड टाकीत घातले तर जवळजवळ नुसता वासच उतरतो. ही एल तिन्ही वेळा हॉप्स घालून केलेली. वर बेल्जियन यीस्ट, जे जरा उबेतच खुशीनं काम करतं. आणि पाव हिस्सा नाही, पण चांगली ओंजळभर म्हणावी इतकी साखर. साखर का, तर ती पूर्ण आंबते, मागे काही उरत नाही. अल्कोहोल वाढतो पण पेय जड होत नाही.

'टक्के?' मी विचारलं. सवय.

'७.८.'

'८ च्या आत ठेवलीस.'

'ठेवावीच लागते गं. बेल्जियममध्ये हीच ९, साडेनऊची असते.'

मग ग्लास आला. ३३० मिलीचा, पोटाशी फुगीर, तोंडाशी आवळलेला. रंग फिक्या सोन्याचा, किंचित गढूळ, वर पांढरा फेस, तो बसायलाच तयार नव्हता. नुसता वास घ्यायचा असं मी ठरवलं होतं. वास घेतला आणि पहिला प्रश्न तोंडून गेला: 'लवंग घातलीस?' नाही म्हणाली. लवंगेचा वास ज्या द्रव्याचा, त्याच्या जातीचं द्रव्य हे यीस्ट स्वतःच तयार करतं. पिकल्या केळ्याचा वास येतो तोही यीस्टचाच. संत्र्याची साल येते ती काही यीस्टची, काही हॉप्सची. मी पुन्हा नाक घातलं. तोपर्यंत मी नुसता वास घेणारी राहिले नव्हते.

पहिल्या घोटात गोडी क्षणभर येते आणि बुडबुडे ती उडवून लावतात. मग मिऱ्यासारखं काहीतरी टोचतं. कडूपणा लगेच येत नाही. घोट गिळून झाल्यावर, आता संपलं असं वाटताना, जिभेच्या मागून येतो आणि बसून राहतो. इथे तेलुगू शेजाऱ्यांकडे उगादीला पच्चडी असते. गूळ, चिंच, कैरी, मीठ, तिखट सगळं लागून गेल्यावर कडुलिंबाचा मोहर असाच उशिरा कळतो. पाडव्याची लिंबाची पानं मी जन्मभर नाक दाबून गिळली, पण पच्चडीची वाटी पुन्हा मागून घेते. कडूपणाच्या आधी कोण कोण येऊन गेलंय यावर तो सोसायचा की आवडायचा हे ठरतं, एवढं मला पच्चडीवरून माहीत होतं. ते दारूला लागू होईल हे माहीत नव्हतं.

मी तोंड वाकडं केलं नाही. भाची तेच बघत होती.

परिणामाचंही सांगते, नाहीतर हे मनोगत अर्धवट राहील. ३३० मिलीत ७.८ टक्के म्हणजे शुद्ध अल्कोहोल २६ मिलीच्या जरा आत. स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत ८ टक्क्यांनी ५२ मिली, क्वार्टरमध्ये ७७. हे गणित मी ग्लास हातात असतानाच केलं. तरी ग्लास अर्धा होईतो कान गरम झाले आणि भाचीच्या नव्या पडद्यांचा रंग मला फार सुंदर वाटू लागला. या एलमध्ये अल्कोहोल जिभेला लागतच नाही, हीच तिची खोड. १९२३ च्या सुमारास बेल्जियममधल्या मूर्टगाट ब्रूअरीची अशी एक एल चाखून एका जोडे शिवणाऱ्या गावकऱ्यानं तिला सैतान म्हटलं आणि तेच नाव, डूव्हेल, पुढे बाटलीवर गेलं असं सांगतात. नाव पटण्यासारखं आहे. दुसरा ग्लास मी मागितला नाही. जीभ हो म्हणत होती, खातं नाही म्हणत होतं.

चव पटली ती त्या दुपारीच. पण मत पूर्ण बदललं ते नंतर, भाचीनं सांगितलेल्या एका कायद्यामुळे. माझ्यासारखीला रसायनशास्त्रापेक्षा कायदा लवकर कळतो.

पहिलं महायुद्ध संपलं आणि १९१९ मध्ये बेल्जियमनं एक कायदा केला. न्यायमंत्री होते समाजवादी नेते एमिल व्हान्डरव्हेल्डे, त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. कॅफेत जिनसारखी कडक दारू विकायला बंदी. दुकानातून घ्यायची तर एका वेळी किमान २ लिटर घ्यायची, म्हणजे मजुराला एकरकमी परवडू नये. आमच्या खात्यातल्या कुणाही उपायुक्तानं दाद द्यावी असं हे दुसरं कलम आहे. आता कामावरून सुटून कॅफेत आलेल्या माणसाला कडक काही हवं असेल तर बिअरच उरली. ब्रूअरींनी बिअर चढवायला सुरुवात केली. सैतान त्याच काळातला. वेस्टमालेच्या मठातली साडेनऊ टक्क्यांची 'ट्रिपल' नावाची एल १९३४ ची. मी ग्लासात जे प्यायले त्याची मुळं अशी एका दारू-नियंत्रणाच्या कायद्यात आहेत. त्या कायद्याचा हेतू माणसानं कमी प्यावं हा होता. त्यातून जगातल्या सर्वांत नावाजलेल्या कडक बिअर निघाल्या. सरकारी हेतू आणि परिणाम यांची इतकी फारकत मी फक्त आमच्याकडे पाहिली होती.

हॉप्सचा भडिमार मात्र अलीकडचा. बेल्जियन लोकांचा हात त्या बाबतीत आखडताच असे; अमेरिकनांचं बघून तो सुटला. आशूफ ब्रूअरीची ९ टक्क्यांची हॉप्सवाली ट्रिपल २००६ ची, डूव्हेलची तीन हॉप्सवाली त्याच्या पुढच्या वर्षीची. अमेरिकनांनी हे इंग्रजांच्या इंडिया पेल एलवरून उचललं आणि ती एल लंडनच्या हॉजसन वगैरे मंडळींनी मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी गलबतावर चढवलेली. वाटेत टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त. म्हणजे हा कडूपणा आपल्या किनाऱ्याचा पत्ता टाकूनच निघाला होता, जुबिली हिल्सला पोहोचायला जरा उशीर झाला.

आता आपली बाजू. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंत साधी बिअर, त्यापुढे ८ पर्यंत स्ट्राँग. रेघ मारली की माल रेघेला येऊन टेकतो, हे बेल्जियममध्येही झालं आणि इथेही. आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँग, ८ च्या अगदी जवळची. मग फरक कुठे पडला? बेल्जियन माणूस कॅफेत बसून पीत होता. दारात पेला घेऊन शेजाऱ्याशी बोलत होता, बेचव दिली तर पुढच्या वेळी पलीकडच्या कॅफेत जात होता. आपला माणूस परमिट रूममध्ये उभा. त्याच्यासाठी बाटलीवर एकच माहिती उपयोगाची, टक्के किती. रुपयाला किती टक्के हा हिशेब तो अगदी बरोबर करतो, माझ्याइतकाच बरोबर. जे कुणी विकत घेत नाही ते कारखान्यानं कशाला घालावं? बर्फासारखी थंड दिली की चव लागतही नाही.

म्हणजे दारूला चव नसते हे वाक्य नामपल्लीपुरतं खरंच होतं. पण ते दारूबद्दलचं वाक्य नव्हतं. आम्ही ज्या तऱ्हेनं ती मोजली, लिलावात घातली, कुलूपबंद खिडकीतून विकली, त्याबद्दलचं होतं. २०२३ मध्ये राज्यातल्या २,६२० दुकानांसाठी १ लाख ३१ हजारांवर अर्ज आले. प्रत्येक अर्जाला २ लाख रुपये, परत न मिळणारे. दारूचा थेंबही न विकता सरकारकडे २,६०० कोटींच्या वर जमा झाले. एवढ्या पैशाच्या व्यवहारात चव कुठल्या पायरीवर उभी राहणार?

मग मला आजोबांची कुऱ्हाड आठवली आणि मी ट्रंक उघडली. वडील गेल्यापासून ती उघडली नव्हती. त्यात आजोबांच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या अर्जाची नक्कल होती, स्वतःच्या हातानं लिहिलेली. कुठल्या महिन्यात कुठल्या शिवारात किती झाडं तोडली हे व्यवस्थित दिलेलं. कारणही दिलेलं: निजाम सरकारचा आबकारी महसूल बुडावा म्हणून. बस. दारू वाईट, संसार उद्ध्वस्त, यातलं एक अक्षर नाही. शिंदी हे त्यांच्या लेखी सरकारचं उत्पन्न होतं, नाक्यावरच्या जकातीसारखंच. ते तोडायला ते निघाले होते.

आत्याला विचारलं. ती नव्वदीला आली आहे, औरंगाबादला असते. आजोबांना ती दादा म्हणते. फोनवर म्हणाली, 'दारू कुठली बंद करतेत, दारूचं काहीच नव्हतं त्यात. उलट दादा पहाटची नीरा आवडीनं प्यायचे की. झाडं गेल्यावर चिडचिड व्हायली त्यांची.'

तेव्हा दारूला चव नसते हे वाक्य आजोबांचं असणं अवघड आहे. वडिलांनी ते त्यांच्या तोंडी घातलं असावं, काचीगुड्याच्या रेल्वे कॉलनीत पगाराच्या दिवशी काय काय होतं ते पाहून. त्यासाठी मी वडिलांना दोष देत नाही. मीही ते ऐकलं आहे, भिंतीपलीकडून. पण एक हिशेब मला आता हसवतो. आजोबांनी जो महसूल बुडवायला झाडं तोडली, तोच महसूल गोळा करून त्यांची नात पेन्शनीत निघाली. आणि आयुष्यभर तिला वाटत होतं की आपण आजोबांच्या बाजूनं आहोत.

मी आता महिन्यातून कधीतरी त्या एलसाठी जाते. एकच ग्लास. आवडते म्हणून जाते, कुठल्याही वैचारिक कारणासाठी नाही. तरी तिथे बसून मला पूर्ण बरं वाटतं असं नाही. त्या ग्लासाची किंमत दुकानातल्या दोन-तीन बाटल्यांइतकी. शेजारच्या टेबलावरची मुलं ग्लास उजेडात धरून पपनस आणि धणे हुडकत असतात, मीही हुडकते, आणि चार ग्लासांनंतर त्यांचा आवाज परमिट रूमइतकाच चढतो. चवीनं पिणारे ते रसिक आणि परिणामासाठी पिणारे ते दारुडे, ही नवी वाटणी मला सोयीची पडेल, पण मी ती करणार नाही. शेंगदाण्याच्या पुडीवाल्याला चव कळत नाही असं मी आता म्हणू शकत नाही. त्याच्यापुढे चव कुणी ठेवलीच नव्हती, आणि न ठेवणाऱ्यांत माझं टेबल होतं. त्याच वेळी त्याच्या घरच्या बाईला ग्लासातल्या लवंगेच्या वासाशी काही घेणंदेणं नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसतात. एकमेकींशी बोलत नाहीत.

मंडळातल्या मैत्रिणींना मी भिशीच्या दिवशी हे सगळं सांगितलं. जिनं झोपेचं विचारलं होतं तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, 'पण मग किती टक्के असते गं?' ७.८ म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. आता तिला बाकीच्यांना सांगायला आकडा मिळाला होता. मंडळातल्या एका वहिनींनी विषय बदलला. त्यांचा हक्क आहे.

भाचीचं पुढचं खूळ असं, की या एलमध्ये साखरेऐवजी गूळ घालायचा. बेल्जियन लोक बीटची साखर घालतात, आपण आपला गूळ का घालू नये, असा तिचा सवाल. गुळाचा किंचित खारटपणा, थोडा करपट वास हॉप्सच्या कडूपणाखाली छान बसेल म्हणते. मी आधी नक्कोच म्हटलं. तिला काय ठाऊक. या राज्यात काळा गूळ म्हणजे गुडुंबा. गावठी भट्टीसाठी तुरटीबरोबर पोत्यांनी जायचा, त्याच्या विक्रीवर खात्याची नजर असायची, गुळाच्या गाड्या अडवल्याचे कितीतरी कागद मी लावले आहेत. ती हसायला लागली. म्हणाली, अगं मी कोल्हापूरहून पिवळा मागवणार आहे, पन्नास किलो, त्याची कुणाला भीती?

विचार केला आणि कल्पना मलाही आवडली. म्हटलं, घाल. पण वाहतुकीची पावती आणि दुकानदाराचं बिल दोन्ही फाइलला लाव, आणि बिलावर 'पिवळा' असं स्पष्ट लिहून घे.